भाऊंचं बिल्ड: अँटवरून ग्रेडलवर जाण्याचं एक प्रकरण

अँट आणि ग्रेडल ही लिहिलेल्या कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायची दोन टूल्स. हे प्रकरण डिसेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि नावांऐवजी ऑफिसातली हाक वापरली आहे. सॉफ्टवेअरचं टूल कसं बदलायचं याची माहिती हवी तेवढी मिळते. जुनं टूल ज्याच्या हातात आहे त्या माणसाशी कसं वागायचं, यावर मात्र कमी लिहिलं जातं, आणि लिहिलं तरी बहुतेक वेळा त्या माणसाला अडथळा धरूनच लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही, म्हणून हे सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

कंपनी रत्नागिरीतली, लहान. ग्राहक सगळे किनारपट्टीवरचे: आंब्याचे व्यापारी, काजूचे कारखाने, मासळीवाले, काही पतसंस्था. सॉफ्टवेअर जावातलं, ग्राहकाच्या कॉम्प्युटरवर बसवायचं. बागायतदाराला दिलेली उचल, आलेल्या पेट्या, हमाली आणि वाहतूक कापून निघणारी पट्टी, असा सगळा हिशोब त्यात होतो. माझ्याकडे सपोर्ट आणि इन्स्टॉलेशन. सॉफ्टवेअर लिहितात दुसरे. ते अडलं की फोन मला येतो.

भाऊ कंपनीत पहिल्यापासून आहेत. मालकांना सगळे साहेब म्हणतात, पण साहेबही त्यांना भाऊच म्हणतात. लिहिलेल्या कोडपासून ग्राहकाला द्यायची फाइल तयार करणं, म्हणजे बिल्ड, हे त्यांचं काम. त्यासाठी ते अँट वापरत. अँट २००० साली स्वतंत्रपणे बाहेर आलं आणि त्यानंतर बरीच वर्षं जावाचं काम करणाऱ्यांच्या हाती तेच असे. काय करायचं ते एका एक्सएमएल फाइलमध्ये पायरीपायरीने लिहायचं: हे फोल्डर साफ कर, हे कंपाइल कर (म्हणजे कोड मशीनला चालवता येईल असा कर), ही जार (तयार फाइलींचं गाठोडं) बांध, ती तिकडे कॉपी कर. भाऊंची ती फाइल वर्षागणिक वाढत गेली होती. जवळपास प्रत्येक मोठ्या ग्राहकासाठी त्यात एक वेगळं टार्गेट, म्हणजे पायऱ्यांचा एक गट, होता. बाहेरच्या लायब्ररींच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, जार 'लिब' नावाच्या फोल्डरमध्ये. काहींच्या नावात आवृत्तीचा आकडा होता, काहींच्या नावात नुसतंच 'नवीन'.

व्यवस्था जुनी होती, पण तिने एकदा कंपनीची लाज राखली होती. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात ठिकठिकाणी वीज गेली, नेटही गेलं. हंगामाचा शेवट, पट्ट्या व्हायच्या होत्या. एका व्यापाऱ्याचा डेटा वीज जाताना बिघडला आणि तो सावरायला सॉफ्टवेअरमध्येच बदल करावा लागणार होता. भाऊंनी इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालवून बिल्ड काढलं, पेन ड्राइव्हवर घेतलं आणि मी ते मोटारसायकलवरून पोचवलं. बाहेरून काहीही डाउनलोड करावं लागलं नाही, कारण लागणारी प्रत्येक गोष्ट त्या लिब फोल्डरमध्ये होती. भाऊंनी पुढे जो विरोध केला, त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे.

अडचण

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतला गंभीर दोष जाहीर झाला. प्रोग्रॅमच्या नोंदी लिहिणारी ही लायब्ररी असंख्य जावा प्रोग्रॅममध्ये असते. दोष तिच्या दुसऱ्या पिढीतल्या आवृत्त्यांत होता. एका पतसंस्थेच्या ऑडिटरने आम्हाला विचारलं, तुमच्याकडे ही आहे का आणि असल्यास कोणती? भाऊंनी खुर्चीतून न उठता सांगितलं की आपण पहिल्या पिढीतली १.२ वापरतो, फक्त एका काजूवाल्याकडे रिपोर्टच्या लायब्ररीच्या पोटातून दुसरी आली आहे. तपासलं तर तसंच निघालं. साहेबांना हायसं वाटलं, पण ते काळजीतही पडले. एवढी अचूक माहिती कुठेही लिहिलेली नव्हती.

जानेवारीत भाऊ घरच्या लग्नासाठी रजेवर होते. त्याच वेळी एका ग्राहकाचा हमालीचा दर बदलायचा होता. हे काम आमच्यातल्या सगळ्यात नव्या सहकारी मुलीकडे आलं. पुण्यात नोकरी करून करोनाच्या काळात ती घरी परतली होती. तिला इथे धाकटी म्हणतो. तिने कोडमधला दर बदलला, भाऊंच्याच फाइलने बिल्ड काढलं आणि पाठवलं. पट्टीवर हमालीच्या ओळीत नवा दर आला, बेरीज मात्र जुन्या दराने झाली. बागायतदाराने ती बोटावर पडताळली आणि व्यापाऱ्याने मला फोन केला.

कारण समजून घेण्यासारखं आहे. दर हा कोडमध्ये स्थिरांक म्हणून लिहिलेला होता, आणि जावाचा कंपायलर असा स्थिरांक जिथे जिथे वापरला असेल तिथे त्याची किंमत थेट उतरवून ठेवतो. अँट फक्त फाइलींच्या वेळा बघतं: जी सोर्स फाइल (लिहिलेला कोड) तिच्या क्लास फाइलहून (त्यातून कंपाइल झालेल्या फाइलहून) नवी, तेवढीच पुन्हा कंपाइल होते. दराची फाइल बदलली होती म्हणून ती कंपाइल झाली. बेरीज करणाऱ्या फाइलला कोणी हात लावला नव्हता, म्हणून तिच्या पोटात जुना दर तसाच राहिला. भाऊ दर वेळी आधी 'क्लीन' चालवत, म्हणजे आधीच्या कंपाइल झालेल्या फाइली पुसत, त्यामुळे त्यांच्या हातून हे कधी झालं नव्हतं.

धाकटीचं म्हणणं, आधी क्लीन करायची आठवण माणसाने ठेवावी लागते असं टूल नको. भाऊंचं म्हणणं, "क्लीन न करता बिल्ड कोणी काढतं का, बाय?" मला दोघांचंही खरं वाटलं, आणि अजूनही वाटतं. पण फेब्रुवारी उजाडला, आंबा सुरू झाला, आणि हंगामात आमच्याकडे कोणी बिल्डला हात लावत नाही. विषय जूनपर्यंत राहिला.

पहिला प्रयत्न

धाकटीने हंगामभर संध्याकाळी घरी बसून ग्रेडलवर बिल्ड तयार केलं आणि पावसाच्या सुरुवातीला ते सगळ्यांसमोर भाऊंच्याच मशीनवर दाखवलं. भाऊंना याची आधी कल्पना नव्हती. तिच्या मनात उत्साहाशिवाय दुसरं काही नव्हतं हे मी खात्रीने सांगतो, पण खोलीतल्या प्रत्येकाला ते परीक्षेसारखं वाटलं.

भाऊंनी एकच गोष्ट केली. नेटची वायर काढली आणि म्हणाले, "आता चालव." ग्रेडल पहिली लायब्ररी आणायला गेलं आणि थांबलं. वायर परत लावल्यावर बिल्ड झालं, प्रोग्रॅम उघडला, आणि जिथे 'बागायतदार' दिसायला हवं तिथे डोक्यावर चिन्हं असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसली. धाकटीचा लॅपटॉप लिनक्सवर होता, तिथे कोड आपोआप यूटीएफ-८ या एन्कोडिंगमधला (अक्षरं साठवायच्या पद्धतीतला) समजून वाचला जातो. भाऊंचं मशीन विंडोजचं. त्या काळच्या जावात एन्कोडिंग सांगितलं नाही तर कंपायलर मशीनचंच घेई. भाऊंच्या फाइलमध्ये ते अगदी वर एका शब्दात सांगून ठेवलेलं होतं. तिच्या फाइलमध्ये नव्हतं.

दोन्ही चुका दुरुस्त करायला फार वेळ लागणार नव्हता, आणि भाऊंनाही ते कळत होतं. ते शांतपणे म्हणाले, "बघा काय ते," आणि छत्री घेऊन निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ग्रेडल हा शब्द ऑफिसात कोणी काढला नाही. माझ्या मते टूलमधल्या उणिवांनी तिथे फार नुकसान केलं नाही. ज्याला या सगळ्या खाचाखोचा पाठ होत्या, त्यालाच कोणी काही विचारलं नव्हतं. जे बिघडलं ते त्यामुळे.

समोरचे पर्याय

साहेबांनी जुलैत तिघांना बसवलं: भाऊ, धाकटी आणि ग्राहकांचं बोलणं मांडायला मी.

सगळ्यात सोपा मार्ग होता काहीच न बदलण्याचा. भाऊंचे नियम एका कागदावर लिहून भिंतीला लावायचे. भाऊ निवृत्तीला फार लांब नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो मागे पडला. दुसरा मार्ग हुकमाचा. साहेब म्हणाले असते तर भाऊंनी ऐकलं असतं. पण साहेबांनीच तो बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं मला फार पटलं: भाऊ ऐकतील, मात्र मग ते काही सांगणार नाहीत, आणि मला त्यांच्या डोक्यात आहे ते हवं आहे.

तिसरा पर्याय भाऊंनी स्वतः मांडला आणि तो दमदार होता. अँट ठेवायचं आणि जोडीला आयव्ही घ्यायचं. आयव्ही हा अपाची या संस्थेकडे अँटच्याच छत्राखाली असलेला प्रकल्प. कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, तिला आणखी काय लागतं, हे तो सांभाळतो. ऑडिटरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळालं असतं. जानेवारीतली अर्धवट कंपाइल होण्याची अडचण मात्र तशीच राहिली असती. शिवाय नव्याने येणाऱ्या मुलांपैकी कोणी आयव्ही पाहिलेलं नव्हतं.

चौथा मेव्हन, हेही जावाचं एक बिल्ड-टूल. मेव्हनची घडी पक्की: फोल्डर कसे असावेत, पायऱ्या कोणत्या क्रमाने व्हाव्यात, हे आधीच ठरलेलं. नव्या प्रकल्पाला मी मेव्हनच सुचवलं असतं. आमचा कोड मात्र सामाईक, आंबा, काजू अशा वेगवेगळ्या सोर्स फोल्डरांतून एकत्र येऊन एक जार व्हायचा. ते मेव्हनमध्ये बसवायचं तर वेगळं प्लगइन लावा किंवा फोल्डर हलवा, आणि फोल्डर हलवले की ग्राहकांसाठी ठेवलेल्या कोडच्या जुन्या शाखांमधले बदल इकडे आणणं जिकिरीचं.

ग्रेडलच्या बाजूने एक गोष्ट धाकटीला माहीत होती, जी जूनमध्ये सांगायची राहिली होती. ग्रेडल अँटची फाइल जशीच्या तशी आत घेऊ शकतं. तिच्यातली टार्गेटं ग्रेडलची कामं म्हणून दिसू लागतात. म्हणजे पहिल्या दिवशी भाऊंची एकही ओळ पुसायची गरज नव्हती.

भाऊ यावर काही बोलले नाहीत. बैठक संपल्यावर चहाच्या टपरीवर मी त्यांना विचारलं, "काय दाखवलं म्हणजे तुम्ही स्वतः हे वापराल?" टूल बरं की वाईट हा विषय मी काढलाच नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी डॉट मॅट्रिक्सच्या कागदाच्या मागच्या बाजूला चार अटी लिहून दिल्या. नेट नसताना बिल्ड झालं पाहिजे. ग्राहकाकडे गेलेली कोणतीही आवृत्ती पुढे कधीही तशीच पुन्हा काढता आली पाहिजे. देवनागरी आणि छापील पावती यात केसाचा फरक चालणार नाही. आणि चौथी: भाऊ ऑफिसात नसताना, नव्या मशीनवर, प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाने बिल्ड काढून दाखवलं पाहिजे.

ही चौथी अट भाऊंनी घातली, हे मी मुद्दाम सांगतो. आपल्यानंतर काय, हा प्रश्न साहेबांइतकाच त्यांनाही पडलेला होता. साहेबांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, ठरलं, हीच परीक्षा.

काय केलं

सुरुवात लिब फोल्डरपासून झाली. भाऊ आणि धाकटी शेजारी बसून एकेक जार घ्यायचे. जारच्या आत मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल असते, तिच्यात बहुधा आवृत्ती सापडते. नाही सापडली तर जारचा शा-१ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) काढून मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक भांडारात त्या हॅशने शोधायचं. फाइल तंतोतंत तीच असेल तर तिचं नाव-गाव मिळतं. 'नवीन' म्हणून ठेवलेल्या जारचे असे पत्ते लागत गेले. बाहेर पाऊस, मध्येच वीज जाणं, आणि प्रत्येक जारमागे भाऊंची एक आठवण: ही कुणासाठी घेतली, तेव्हा काय अडलं होतं. धाकटी ते सगळं टिपत होती. आज आमच्याकडे जो दस्तऐवज आहे, त्याचा बराचसा भाग या दिवसांत लिहिला गेला.

छपाईच्या लायब्ररीपाशी ते अडले. मॅनिफेस्टमध्ये सरळ सार्वजनिक आवृत्तीचा आकडा होता, पण हॅश जुळेना. भाऊ म्हणाले, "ती माझी आहे." सलग कागदावर पावतीची लांबी बसावी म्हणून त्यांनी कधीकाळी त्या लायब्ररीच्या आत बदल केला होता आणि आकडा तोच ठेवला होता. धाकटीच्या जूनमधल्या बिल्डने त्याच आकड्याची सार्वजनिक जार आणली होती. बिल्ड झालं होतं, चाचण्याही पास झाल्या होत्या. आम्ही त्या बिल्डवरून प्रिंटर लावून पावत्या काढल्या. पहिली ठीक आली, दुसरी थोडी खाली सरकली, आणि पुढे कागद फाडायच्या भोकांची रेघ बागायतदाराच्या नावातून गेली. हंगामात हे कोणा व्यापाऱ्याकडे झालं असतं तर काय झालं असतं, ते सपोर्टच्या खुर्चीत बसणाऱ्यालाच कळेल.

त्या जारला वेगळं नाव आणि वेगळी आवृत्ती दिली. सगळ्या जार मेव्हनच्या रचनेत ऑफिसच्या सर्व्हरवर एका फोल्डरात ठेवल्या आणि ग्रेडलला सांगितलं की याच्याबाहेर जायचं नाही. प्रत्येक जारचा हॅशही नोंदवला. फाइल बदललेली असेल तर ग्रेडल बिल्ड थांबवतं. एक गोष्ट नंतर सुचली: ग्रेडलचं रॅपर (ग्रेडल चालवून देणारी छोटी फाइल) नव्या मशीनवर पहिल्यांदा चालवताना स्वतः ग्रेडलच नेटवरून आणतं. म्हणून ती झिप फाइलही सर्व्हरवर ठेवली आणि रॅपरला तिचा पत्ता दिला. पहिली अट पूर्ण झाली. ती तपासायला वायर काढावी लागली नाही, त्या आठवड्यात नेट गेलेलंच होतं.

भाऊंची फाइल ग्रेडलच्या आत घेताना नावांचा घोळ झाला. भाऊंचं एक 'क्लीन' आणि ग्रेडलचंही एक 'क्लीन', दोन्ही एकत्र चालेनात. मग भाऊंच्या सगळ्या टार्गेटांच्या नावाआधी 'अँट' जोडलं. काय चालवलं की कोणाचं काम होतं, हे त्यामुळे स्पष्ट दिसू लागलं.

निर्णयाचा क्षण: ई-इनव्हॉइस

१ ऑगस्ट २०२२ रोजी जीएसटीची अधिसूचना निघाली: १० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्यांना १ ऑक्टोबरपासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, सक्तीचं. आमचे काही काजूवाले त्यात येत होते. हातात म्हणायला दोन महिने, पण ३१ ऑगस्टला गणपती. गणपतीत कोकणात कोण कामाला येणार?

साहेब पहिल्यांदाच डगमगले. टूलचं राहू दे, जुन्यात करा, असं ते जवळपास बोलूनच गेले. धाकटीला नवीनच हवं होतं. शेवटी साहेबांनी निर्णय भाऊंवर सोडला. मला तेव्हा तो धोका वाटला होता. आज मागे बघताना हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

भाऊंनी जुन्यातच सुरुवात केली. पोर्टलशी बोलायला, जेसन (पोर्टलशी देवघेवीचं डेटाचं स्वरूप) वाचायला, क्यूआर कोड काढायला लायब्ररी हव्या होत्या आणि प्रत्येकीला आणखी तीन-चार. एक जार आणून टाकली की प्रोग्रॅम दुसरी मागे. संध्याकाळपर्यंत हे चाललं. मग भाऊंनी धाकटीला हाक मारली, "काय गो, तुझ्या त्या फाइलमध्ये हे कुठे लिहायचं?" तीन ओळी लिहिल्या आणि ग्रेडलकडून कोणाला काय लागतं त्याचं झाड छापून घेतलं. झाड बघताबघता त्यांनी विचारलं, "जेसनच्या दोन आवृत्त्या मागितल्यात, यातली मोठी याने कुणाला विचारून घेतली?" ग्रेडल असा वाद आला की न सांगता वरची आवृत्ती घेतं. धाकटीला हे खटकलेलं नव्हतं. भाऊंच्या आग्रहावरून तिने ते कडक केलं: आवृत्त्यांत वाद दिसला की बिल्ड थांबायचं, माणसाने ठरवल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमच्या फाइलमधली ही सेटिंग आजही आहे. नवी मुलं तिला वैतागतात आणि भाऊ त्यांना लॉगफोरजेची गोष्ट सांगतात.

गणपतीनंतर दोन्ही बिल्डं समांतर चालवली आणि जार उघडून फाइलींची तुलना केली. सगळ्याच क्लास फाइली वेगळ्या निघाल्या. भाऊंचा चेहरा पडला, धाकटीचाही. शोधल्यावर कळलं की अँटमध्ये डिबगची माहिती (फाइलचं नाव, ओळीचा आकडा अशी चूक शोधायला लागणारी) सांगितल्याशिवाय येत नाही. ग्रेडल ती आपण होऊन घालतं. भाऊंनी ती पूर्वी मुद्दाम बंदच ठेवली होती, जार लहान राहावी म्हणून. तेव्हा अपडेट डायल-अपवरून जायचं. दोन्हीकडे सारखं केल्यावर क्लास फाइली जुळल्या.

यातून एक अनपेक्षित लाभ झाला. ग्राहकाकडे प्रोग्रॅम पडला की मला जो मजकूर मिळे, त्यात ओळीच्या आकड्याच्या जागी 'अननोन सोर्स' एवढंच असे. नव्या बिल्डमध्ये तिथे फाइलचं नाव आणि ओळ येऊ लागली. वेंगुर्ल्याच्या एका काजूवाल्याचा पहिलाच फोन आला तेव्हा मी भाऊंना ओळीचा आकडा वाचून दाखवला आणि मी फोन ठेवायच्या आत त्यांनी चूक सांगितली. भाऊ ग्रेडलच्या बाजूने उघडपणे बोलू लागले ते त्या दिवसापासून. न्याय म्हणून सांगायचं तर हे ग्रेडलचं श्रेय नाही. अँटच्या फाइलमध्ये एक शब्द घातला असता तरी हे मिळालं असतं, आणि भाऊंनीच ते सगळ्यांना सांगितलं.

परिणाम

१ ऑक्टोबरच्या आत ई-इनव्हॉइसवाल्यांना ग्रेडलचं बिल्ड गेलं. बाकीच्यांना, भाऊंच्या निर्णयाने, त्या वेळी अँटचंच. दिवाळीनंतर चौथी अट माझ्यावर आली. भाऊ मुद्दाम गावी गेले. कोऱ्या लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवरच्या प्रतीवरून, नेट बंद ठेवून, लिहिलेल्या सूचना वाचत मी बिल्ड काढलं. एका सूचनेत जावाचा पाथ कुठे लावायचा ते सुटलं होतं. तिथे अडलो, आणि धाकटीने ती ओळ लिहिल्यावर पुन्हा पहिल्यापासून केलं. पावती छापून भाऊंच्या टेबलावर ठेवली.

जानेवारी २०२३ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, भाऊंनी जुन्या फाइलमधली टार्गेटं स्वतः एकेक करून काढली. एका पतसंस्थेसाठीची कोडची जुनी शाखा अजून अँटवरच आहे. ती संस्था लवकरच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जाणार असल्यामुळे तिला हात लावला नाही, आणि ते योग्यच आहे.

खरी कसोटी पुढच्या वर्षी लागली. ई-इनव्हॉइसची मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली आणि आमचे आणखी ग्राहक त्यात आले. जुलैत भाऊ लावणीसाठी गावाला होते. त्या काळातली सगळी बिल्डं धाकटीने आणि एका नव्या मुलाने काढली. भाऊंना एकदाच फोन करावा लागला, तोही एका ग्राहकाच्या जुन्या सवयीबद्दल विचारायला.

वेगळं काय करता आलं असतं

भाऊंचे नियम लिहून काढायचं काम डिसेंबरातच, ऑडिटरच्या पत्रानंतर लगेच, व्हायला हवं होतं. त्याला नवं टूल लागत नव्हतं. तेव्हा 'आधी क्लीन' एवढं जरी लिहिलेलं असतं, तर जानेवारीतली पट्टी चुकली नसती.

जूनमधलं प्रात्यक्षिक चौघांसमोर होण्याऐवजी दोघांत व्हायला हवं होतं. वायर काढायची कल्पना भाऊंनी तेव्हाही मांडली असती, पण ती मदत ठरली असती. साहेबांना धाकटीच्या संध्याकाळच्या कामाची कुणकुण होती. त्यांनी तिला एवढंच सांगायचं होतं की आधी भाऊंना दाखव.

आयव्हीला मिळायला हवा तेवढा वेळ मिळाला नाही, असं मला वाटतं. निष्कर्ष कदाचित तोच निघाला असता. पण भाऊंनी स्वतःहून मांडलेला तो एकमेव पर्याय होता आणि तो एका बैठकीत निकालात निघाला. तो धाकटीने प्रत्यक्ष करून बघितला असता, तर भाऊंचा कडकपणा ऑगस्टच्या आधीच सैल झाला असता.

समांतर बिल्डं फार काळ चालली. प्रत्येक बदल दोन्हीकडे करायचा आणि दोन्ही जुळवायचे, यात सप्टेंबर ते जानेवारी गेला. शेवटची तारीख सुरुवातीलाच ठरवायला हवी होती. आमच्याकडे ती ठरवणं अवघडही नव्हतं: आंब्याचा हंगाम कोणासाठी थांबत नाही.

आणि धाकटीबद्दल. शेवटी जी फाइल वापरात आली तिचा मोठा भाग तिने जूनच्या आधी घरी बसून लिहिलेलाच होता. भाऊंना राजी करण्याच्या गडबडीत हे कोणी तिला बोलून दाखवलं नाही, आणि ती त्या पावसात नाराज होती हे मला फार उशिरा कळलं. बोलून दाखवलं ते भाऊंनी, पुढच्या वर्षी, साहेबांपुढे तिच्या पगाराचा विषय काढताना.